पहिली गिअरची बाईक: वाई ते शिरवळ रोज, उंची ५ फूट २ इंच. १००, १२५ की जुनी १५० सीसी?

मेणवलीकर:
नमस्कार. आजवर फक्त अॅक्टिव्हा चालवली आहे, गिअरच्या गाडीला हात लावलेला नाही. पुढच्या महिन्यापासून शिरवळ एमआयडीसीत फर्स्ट शिफ्ट आहे. वाईहून सुरूर फाटा, मग हायवेने खंबाटकी घाट, एका बाजूने साधारण ३५ किमी. वजन ५० किलो. बाबा म्हणतात स्प्लेंडर घे. भाऊ म्हणतो हायवेला जड गाडी बरी, सेकंडहँड रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० बघू. शोरूमवाला १२५ पुढे करतोय. बजेट ऑनरोड लाख, फार ताणलं तर सव्वा लाख. लायसन्स आहे, टेस्ट स्कूटीवर दिली होती. काय घेऊ? आणि एवढ्या उंचीला कुठली झेपेल?

टॅपेट:
ताई, गाडीच्या आधी लायसन्स काढून बघा. स्कूटीवर टेस्ट दिली असेल तर त्यावर विनागिअर मोटरसायकलचाच वर्ग असणार. त्यावर गिअरची गाडी चालवणं म्हणजे विनालायसन्स चालवणं, आणि अपघात झाला तर विमा कंपनी नेमकं हेच पुढे करते. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर वाहनाचा वर्ग वाढवायचा अर्ज असतो. आधी लर्निंग निघतं, मग किमान ३० दिवसांनी सातारा आरटीओची टेस्ट. लर्निंग सहा महिने चालतं. म्हणजे पुढच्या महिन्यात रुजू व्हायचं असेल तर अर्ज याच आठवड्यात टाका, गाडी नंतरही मिळते.

आता उंची. फूट-इंच विसरा, पायाची आतली लांबी मोजा. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभ्या राहा, जाड वही मांड्यांमध्ये वरपर्यंत घट्ट धरा आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावा. तुमच्या उंचीला हे माप बहुतेक ७०० ते ७२० मिमी येईल. शाईन १२५ चं सीट ७९१ मिमी, एसपी १२५ चं ७९०, रेडरचं ७८०, स्प्लेंडरचं ७८५. आकडे बघून घाबरू नका. आपण बसलो की शॉकअप थोडे दबतात, बुटाचा सोल इंचभर भर घालतो, आणि सिग्नलला दोन्ही टाचा टेकायची गरजही नसते. कंबर थोडी डावीकडे सरकवून डावा पाय पूर्ण टेकला आणि उजवा मागच्या ब्रेकवर राहिला की काम झालं. आकड्यापेक्षा सीटची रुंदी जास्त त्रास देते. टाकीजवळ सीट निमुळतं असेल तर ७९० सुद्धा सोपं जातं, पसरट असेल तर ७८० लाही चवडे अधांतरी. म्हणून शोरूममध्ये गाडी मेन स्टँडवरून खाली घ्यायला लावा, रोजचे बूट घालून बसा, आणि पायांनी ढकलत दहा फूट मागे न्या. ती मागे नेता आली नाही तर ती गाडी तुमची नाही.

भावाच्या सूचनेबद्दल. क्लासिक ३५० चं वजन १९५ किलो, सीट ८०५. चालत्या गाडीला ते वजन जाणवत नाही हे खरं. जाणवतं ते पार्किंगमधून काढताना, खडीवर यू टर्न घेताना, उतारावर तोंड करून लावलेली गाडी मागे ओढताना. नवा माणूस गाडी पाडतो ती अशाच ठिकाणी, पाच-दहाच्या वेगात. शाईन ११३-११४ किलोची आहे, कलली तर मांडीने सावरता येते. क्लासिक कलली की सोडून बाजूला व्हायचं. रॉयल एनफिल्डच्याच हंटरचं सीट ७९० आहे म्हणून लोक सुचवतील, पण वजन १८१ आहेच. बुलेट दोन वर्षांनी घ्या, पळून जात नाही.

कोनसेट:
वरच्या बऱ्याच गोष्टी पटल्या, पण हायवेचा विषय राहिला. स्प्लेंडर ९७ सीसी, ताकद ८ पीएस. वाई गावात आणि एव्हरेजला तिला तोड नाही. खंबाटकी चढताना मात्र ट्रकच्या मागे वेग तुटतो, गिअर खाली घ्यावा लागतो, आणि पुन्हा वेग धरेपर्यंत मागचा ट्रेलर आरशात भरलेला असतो. १२५ ला साधारण ११ पीएस मिळतात. ६०-६५ ला ती आरामात चालते. ८० ला चालते, पण मुठीत काही शिल्लक राहत नाही, आणि ओव्हरटेकला लागतं ते हे शिल्लक. चौपदरी हायवेला दुचाकीची मर्यादाच ८० आहे, त्यामुळे जास्त ताकदीचा हट्ट नको, थोडी शिल्लक हवी इतकंच.

दुसरं ब्रेक. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं. त्याखालच्यांना त्या नियमात सीबीएस चालतं, म्हणजे पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. सीबीएस चाक लॉक होण्यापासून वाचवत नाही. जुलैत खंबाटकीच्या ओल्या डांबरावर, समोर ट्रकने अचानक ब्रेक मारल्यावर पुढचं चाक लॉक झालं तर सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून माझं मत २०१९ नंतरची, एकाच मालकाने वापरलेली यामाहा एफझी-एस (१४९ सीसी, १३५ किलोच्या आसपास, सीट ७९०) किंवा होंडा युनिकॉर्न (१६२.७ सीसी, १४० किलो, सीट ७९८). दोन्हींना सिंगल चॅनल एबीएस आहे, म्हणजे फक्त पुढच्या चाकाला. मागचं चाक अजूनही घसरू शकतं, हे धरूनच चालवा. तुमच्या बजेटात बसतील.

जुनी बघायला गेलात तर गाडीच्या मालकाला सांगून ठेवा की गाडी सकाळपासून सुरू करू नका. गेल्यावर इंजिनाच्या फिन्सवर (बाहेरच्या पातळ पट्ट्यांवर) हात ठेवा. कोमट लागलं तर त्यांनी आधीच सुरू करून ठेवली आहे, आणि थंड इंजिनाची रड तुम्हाला दिसू द्यायची नाही. थंड स्टार्टला सायलेन्सरमधून मिनिटभर पांढरी वाफ आली तर ती पाण्याची, चिंता नको. निळसर धूर आणि जळक्या तेलाचा वास आला तर ऑइल जळतंय: रिंगा, बोअर नाहीतर व्हॉल्व्ह सील. ब्लॉक-पिस्टनचं काम निघणार, सरळ घरी या.

मग मेन स्टँडवर घेऊन एकाला मागे बसवा म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटाने ढकला. बरोबर मधोमध टक्क करून अडकल्यासारखं झालं तर कोनसेट (हँडलच्या बेअरिंगचा संच) गेला. खड्ड्यांत आपटून बेअरिंगच्या वाट्यांना खळगे पडतात आणि गाडी सरळ चालताना हँडल त्या खळग्यात बसतं, म्हणून वेगात ती डुलते. पुढच्या शॉकअपच्या चकचकीत दांडीवर तेलाची कडा आणि धूळ चिकटलेली दिसली तर ऑइल सील गेलं. चेन बघायची ती मागच्या चक्राच्या अगदी मागच्या बाजूला धरून बाहेर ओढायची. अर्धा दात उघडा पडला तर चेनसेट संपला, तेवढे पैसे किमतीतून तोडा. टायरवर चार आकडी शिक्का असतो, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. रबर दिसायला छान असलं तरी पाच-सहा वर्षांपूर्वीचा टायर पावसात पकडत नाही, तो बदलायचा खर्च धरूनच भाव करा.

कागद: आरसीवरचा चासी नंबर हँडलखालच्या नळीवर स्वतः वाचून ताडून बघा, इंजिन नंबरही. कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०. थकलेली ई-चलनं ऑनलाइन तपासा, मालकाला भरायला लावा. विमा १४ दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करायला टाका. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लागली आहे का तेही बघा.

घाटउतार:
गाडी कुठलीही घ्या, तुमचा खरा धोका वेगळा आहे आणि तो डाव्या हातात आहे. अॅक्टिव्हावर डावी कळ म्हणजे मागचा ब्रेक. बाईकवर डावी कळ म्हणजे क्लच. समोर कुत्रं आडवं आलं की वर्षानुवर्षांची सवय डावा हात आवळते, आणि बाईकवर त्याचा अर्थ उलटा होतो: इंजिनची ओढ सुटते, ब्रेक लागतच नाही आणि गाडी मोकळी धावते. मागचा ब्रेक उजव्या पायात आहे, आणि त्या पायाला अॅक्टिव्हावर काही कामच नव्हतं. ही सवय वाचून मोडत नाही, मैदानातच मोडते.

करायचं असं. मोकळं सपाट मैदान, पहिला गिअर, अॅक्सिलरेटर बंद. क्लच इतका हळू सोडा की इंजिनचा आवाज जाड झालेला कळला पाहिजे. तिथेच हात थांबवा, दोन सेकंद. गाडी आपोआप सरकायला लागेल. हा हाफ क्लच. ही जागा न बघता सापडेपर्यंत दुसऱ्या गिअरला हात लावायचा नाही. मग २५-३० च्या वेगाला दुसऱ्यात जाऊन थांबायचं: आधी अॅक्सिलरेटर सोडा, उजवा पाय आणि उजव्या हाताची बोटं एकत्र, पुढचा ब्रेक दाबत न्यायचा, झटका नाही. क्लच अगदी शेवटी, इंजिन धडधडायला लागल्यावर. नवे लोक क्लच पहिला दाबतात आणि इंजिन ब्रेकिंग (इंजिनच्या ओढीने वेग कमी होणं) फुकट घालवतात.

बाबांची स्प्लेंडर घरी असेल तर तिच्यावर हाफ क्लच जरूर शिका, पण गिअरची सवय तिची लावू नका. स्प्लेंडरचे चारही गिअर पुढे दाबून पडतात. एफझी किंवा पल्सरला पहिला खाली आणि बाकीचे वर. दमून घरी येताना चौथ्यात ६० ला असाल, पुढचा गिअर म्हणून पाय खाली दाबलात आणि क्लच झटक्यात सोडलात तर गाडी तिसऱ्यात येऊन मागचं चाक चिरकतं. दोन्ही गाड्या आलटून-पालटून चालवणं निदान पहिले काही महिने टाळा.

चढावर थांबून निघताना उजवा पाय ब्रेकवर, हाफ क्लचला इंजिनचा आवाज जाड होईपर्यंत ब्रेक सोडायचा नाही, मग अॅक्सिलरेटर. उतारावर न्यूट्रल कधीच नाही. ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. ड्रम ब्रेक सतत दाबून ठेवला की तापतो आणि तळाशी पोचेपर्यंत पाय रिकामा जातो.

मेणवलीकर:
खूप आभार. लायसन्स बघितलं, विनागिअरच आहे, अर्ज टाकते. वाईतच २०२१ ची एफझी-एस बघून आले. बसले तर दोन्ही चवडे टेकतात, एकीकडे सरकले की टाच टेकते. गाडीचे मालक म्हणाले, मागचे शॉकअप खाली करून देतो, अजून सोपं जाईल. करू का? आणि ओढणी, रेनकोट चेनमध्ये जाण्याची भीती आहे.

कोनसेट:
शॉकअपला हात लावू देऊ नका. मागून गाडी खाली बसली की साइड स्टँड तसाच लांब राहतो, गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्याने किंवा कुणाच्या धक्क्याने उजवीकडे पडते. शिवाय स्पीडब्रेकरला पोट घासतं. फारच वाटलं तर सीटवाल्याकडून पुढच्या भागातला फोम बाजूंनी निमुळता करून घ्या. वरून एकदम जास्त कापू देऊ नका, नाहीतर रोजच्या ७० किमीला बूड बोलायला लागेल. टाच टेकतेय म्हणता, मग मी काहीच करणार नाही. क्लचची कळ मात्र बघा. टोकाला १० ते १५ मिमी मोकळी हालली पाहिजे, जास्त ढिली असेल तर गिअर अडकत पडतो.

टॅपेट:
चेनबद्दल शंका रास्त आहे. एफझीची चेन अर्धी उघडी, शाईनची पूर्ण कव्हरमध्ये. एफझी घेतली तर साडीगार्ड असल्याची खात्री करा, ओढणी घरी किंवा जॅकेटच्या आत, आणि लांब पोंचोऐवजी पँट-जॅकेटचा रेनकोट. उघडी चेन पावसात दर ५०० किमीला पुसून ल्यूब मागते. तुमच्या रोजच्या अंतराने ते आठवड्यातून एकदा येतं, आणि ल्यूब गाडी चालवून आल्यावर, चेन गरम असताना मारायचं. हे करायची तयारी नसेल तर शाईन घ्या आणि घाटात डाव्या लेनमध्ये ५०-५५ ला चाला, त्यात काहीच कमीपणा नाही.

आणि बजेटातून हेल्मेटचे पैसे आधी बाजूला काढा. फुल फेस, आयएसआय शिक्का, आयएस ४१५१. भुवयांच्या वरून डोक्याचा घेर मोजून साइज घ्या. पट्टा लावून हेल्मेट हाताने गोल फिरवलं की गालाची कातडी सोबत ओढली गेली पाहिजे. काच साधी पारदर्शकच घ्या, फर्स्ट शिफ्टला निघताना अंधार असतो.