मदत हवी आहे: रेक्टमचा कॅन्सर, ऑपरेशन रोबोटने की दुर्बिणीने?

डिचोलीचा_बाबू

नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

बाबांना (वय ६३) रेक्टमचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या भागाचा, कॅन्सर निघालाय. एमआरआयमध्ये गाठ गुदद्वारापासून ५ सेंटीमीटरवर, टी३ (म्हणजे आतड्याच्या भिंतीबाहेर सरकलेली), जवळच्या एकदोन नोडमध्ये (लसिका ग्रंथींत) संशय, लिव्हर आणि फुप्फुसं साफ. रेडिएशन आणि सोबत कॅपेसिटाबिनच्या केमोच्या गोळ्या हा कोर्स पूर्ण झाला, आता ऑपरेशनचं ठरवायचंय आणि इथेच आमचं गाडं अडलंय.

पहिले सर्जन म्हणाले दुर्बिणीने करू, लॅप्रोस्कोपी, मी हेच करत आलोय. दुसरं मत घ्यायला गेलो तर तिथे म्हणाले पुरुषाचं ओटीपोट मुळात अरुंद, त्यात बाबांचं पोट सुटलेलं, वर गाठ इतकी खाली, तर रोबोटच बरा. खर्चात लाख-दीड लाखाचा फरक. गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं दीनदयाळ कार्ड आहे, घरात आम्ही पाच जण म्हणजे ४ लाखांची मर्यादा, पण रोबोटचे जादा पैसे त्यात बसतात का हे कुणाला अनुभवाने माहीत असेल तर सांगा. मामाचं तिसरंच, तो म्हणतो बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल नको नि दोनापावलाचं खाजगी नको, सरळ मुंबईला टाटामध्ये चला, कोकणकन्याची तिकिटं मी काढतो.

आणि बाबा! त्यांना वाटतं रोबोट म्हणजे डॉक्टर बटण दाबून चहाला जाणार. "मशिनाक म्हज्या पोटाक हात लावपाक दिवचो ना" (मशीनला माझ्या पोटाला हात लावू देणार नाही) म्हणून बसलेत. वर चवथीआधी (गणेशचतुर्थीआधी) काहीच करायचं नाही, गणपतीवरची फळापानांची माटोळी मीच बांधणार, हा हट्ट आहेच.

तर प्रश्न असे की रोबोटने खरंच काही फरक पडतो का की हा नुसता पैसे काढायचा प्रकार आहे, पोटावर शौचाची पिशवी लावावी लागते ती रोबोटमुळे टळते का, आणि लघवी आणि इतर (समजून घ्या, आईसमोर डॉक्टरना विचारता आलं नाही) बाबतीत काय होतं.

सुईदोरा

सर्जन आहे, पण कोलोरेक्टलवाला नाही, तेव्हा मित्राचा सल्ला समजून वाचा.

आधी बाबांचं बघू. रोबोट स्वतःहून काहीही करत नाही. सर्जन त्याच खोलीत कन्सोलला (रोबोट चालवायच्या यंत्राला) डोकं टेकून बसलेला असतो, त्याची बोटं हलली तरच आतली हत्यारं हलतात, आणि टेबलाशी दुसरा डॉक्टर उभा असतोच. फरक हत्यारांत आहे. दुर्बिणीची हत्यारं सरळ दांड्याची, ओटीपोटाच्या तळाशी गेलं की वळवायला जागा उरत नाही. रोबोटच्या हत्याराला मनगट असतं, चित्र थ्रीडी दिसतं, कॅमेरा धरणाऱ्याचा हात दुखून थरथरतोय असं होत नाही. उणी बाजू म्हणजे बहुतेक मशिनांत सर्जनच्या हाताला स्पर्श कळत नाही, सगळं डोळ्यांवर. आणि ती हत्यारं ठराविक वेळा वापरली की बाद, बिल फुगतं त्यात याचा मोठा वाटा.

काढायचं मात्र दोन्हीकडे तेच, रेक्टम आणि भोवतीचं चरबीचं आवरण, न फाटता, अख्खं. टीएमई म्हणतात त्याला, इंग्लंडचे बिल हील्ड यांनी १९८२ साली मांडलेलं.

आता अभ्यास काय सांगतात. २०१७ ला रोलार नावाचा ट्रायल आला, ४७१ पेशंट. ऑपरेशन चालू असताना मध्येच पोट उघडावं लागलं असे दुर्बिणीत १२.२ टक्के, रोबोटमध्ये ८.१, पण हा फरक योगायोगानेही येऊ शकतो असा निष्कर्ष निघाला, लघवी आणि लैंगिक बाबतीतही फरक दिसला नाही. रोबोट हा धंदा आहे म्हणणारे इथेच थांबतात. पण त्यातल्या बऱ्याच सर्जनांचा रोबोटवर हात अजून बसायचा होता. नंतर चीनमधला रिअल ट्रायल आला, ११ हॉस्पिटलं, हजारावर पेशंट, सगळे मधल्या आणि खालच्या रेक्टमचे म्हणजे तुमच्या बाबांसारखे. काढलेल्या भागाच्या कडेपर्यंत कॅन्सर पोचलेला सापडण्याचं प्रमाण दुर्बिणीत ७.२ टक्के, रोबोटमध्ये ४. तीन वर्षांत त्याच भागात परत येणं ४ विरुद्ध १.६. एकूण जगण्यात मात्र तीन वर्षांपर्यंत ठोस फरक नाही. तिथले सर्जन दोन्हीत मुरलेले होते हे लक्षात ठेवा.

म्हणून माझं मत, मशीन नंतर, माणूस आधी. दोघांनाही तोंडावर विचारा की इतक्या खालच्या गाठी वर्षाला किती करता, त्यातल्या याच पद्धतीने किती, आतडं जोडतात तो सांधा किती जणांचा गळला. यात वाईट वाटून घेणारा डॉक्टर असेल तर तेही उत्तरच समजा. दुर्बिणीत मुरलेला सर्जन रोबोटवर नवख्या असलेल्यापेक्षा केव्हाही बरा, पण दोघंही तयारीचे असतील आणि पैसे जमत असतील तर या केसमध्ये मी रोबोटकडे झुकेन.

आणि हो, रेडिएशननंतरचा एमआरआय आणि गुदद्वारातून दुर्बीण घालून करतात ती तपासणी झाली का? काही जणांची गाठ पूर्ण विरघळते, अशांना कधीकधी ऑपरेशन न करता काटेकोर नजरेखाली ठेवतात. ते पाहिल्याशिवाय तारीख घेऊ नका.

शेवंती_फोंडा

माझ्या सासऱ्यांचं झालंय, दुर्बिणीने. पिशवी रोबोटने टळत नाही हो, गाठ खाली आणि रेडिएशन झालेलं असलं की सांधा भरेपर्यंत बहुतेक लावतातच, नंतर बंद करतात. मात्र जागा ऑपरेशनच्या आधी ठरवून घ्या. आमच्या नर्सने सासऱ्यांना उभं करून, बसवून, वाकवून पाहिलं, पोटाची घडी कुठे पडते, पँटचा पट्टा कुठे येतो, मग पेनाने खूण केली. सुटलेल्या पोटाला तर हे हवंच, नाहीतर पिशवी सारखी सुटते.

छोट्या आतड्याची पिशवी असेल तर पाणी फार जातं, ओआरएस घरात ठेवा, पेज चालते. सुरुवातीला खोबरं, काजू, मका बंद, आतडं अडकतं. गोंयच्या घरात खोबरं बंद म्हणजे काय ते मी सांगायला नको, वेगळं वाटप करावं लागलं. आणि पिशवी काढल्यावर शौचाला सारखं सारखं जावं लागतं, घाई होते, ते हळूहळू कमी होतं, बाबांना आधीच सांगून ठेवा नाहीतर घाबरतात.

डिचोलीचा_बाबू

दोघांचे खूप आभार. एमआरआय परत झालेला नाही, उद्याच फोन करतो. कन्सोलचं बाबांना वाचून दाखवलं तर म्हणाले, मग तसं आधी सांगायचं ना.

सुईदोरा, एक राहिलं, रिअलमध्ये लघवी आणि त्या दुसऱ्या बाबतीत काही दिसलं का?

सुईदोरा

दिसलं, सुरुवातीच्या महिन्यांत रोबोटवाले थोडे लवकर सावरले. पण आधी कसं आहे ते बाबांना एकट्याने डॉक्टरशी बोलू द्या, तुम्ही आणि आई बाहेर थांबा.

डिचोलीचा_बाबू

बरं. दीनदयाळचं कुणी सांगेल का?