बाण लागला पण हरीण सापडलं नाही, हे 'मिस' धरायचं का? (अनुभव धागा)

इथे पेनसिल्वेनियात बो सीझन (धनुष्यबाणाने हरणं मारायचा मोसम) सुरू झाला की ऑफिसात निम्म्या लोकांच्या तोंडी दुसरा विषय नसतो. परवा लंचला एक कलीग सांगत होता, यंदा माझा एकच मिस झाला. खोदून विचारल्यावर कळलं की बाण आरपार गेला होता, बाणाला रक्त होतं, अंधार पडेपर्यंत शोधलं, नाही सापडलं, म्हणून मिस. मला काही ते पचलं नाही. मिस म्हणजे बाण मातीत आणि हरीण आपल्या वाटेने, इथे तर हरीण कुठे जाऊन पडलं की जगलं हे कोणालाच ठाऊक नाही. पण कायद्याने बघितलं तर तो बरोबर आहे, बहुतेक राज्यांत हरीण हातात आल्याशिवाय टॅग (एक हरीण मारायची परवानगी) खर्ची पडत नाही, म्हणजे हा गडी दुसऱ्या दिवशी परत झाडावर चढून बसायला मोकळा.

तर जे कोणी बो हंटिंग करतात किंवा ज्यांच्या घरात, शेजारात कोणी करतं त्यांनी आपापले अनुभव लिहा. शिकार करावी का नाही हा वाद प्लीज इथे नको, भारतात १९७२ च्या कायद्याने बंद आहे हेही सगळ्यांना माहितीये. (तरी कोणीतरी काढणारच.)

चीजहेड_सातारकर
विस्कॉन्सिनमधून. आधी लागला कुठे ते सांगा, मग मिस का काय ते ठरवू. लोकांना वाटतं नेम चुकतो म्हणून हरीण जखमी होतं, पण कितीतरी वेळा नेम बरोबर असतो आणि हरीणच जागेवर राहत नाही. हिशोब करा, ३० यार्ड म्हणजे ९० फूट, कंपाउंड बोचा (कप्प्या लावलेल्या आधुनिक धनुष्याचा) बाण सेकंदाला २८० फुटांच्या आसपास जातो म्हणजे त्याला पाव सेकंदाच्या वर लागतो, आवाज जातो ११०० फुटांनी, म्हणजे दोरीचा 'टक्' हरणाला बाणाच्या कितीतरी आधी पोचतो, आणि व्हाइटटेल (इथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण) दचकलं की उडी मारायच्या आधी पाय दुमडून खाली बसतं, तेवढ्यात बाण फुफ्फुसाऐवजी कण्याच्या वरच्या मांसात जातो. असली हरणं बरीच जगतात. माझ्या ट्रेल कॅमेऱ्यात (जंगलात झाडाला बांधलेल्या, आपोआप फोटो काढणाऱ्या) पाठीवर खपली धरलेला बक, म्हणजे नर, मका खाताना दिसलाय, महिन्याभराने. कापताना खांद्याच्या हाडाशी जुनं बाणाचं पातं मांसात गुंडाळलेलं मिळालं असं सांगणारेही भेटतात. माझा नियम असा, कॅमेऱ्यात परत दिसला तर मिस. नाही दिसला तर मी त्याला मिस म्हणत नाही, मग बाकीच्यांनी काय म्हणायचं ते म्हणा.

दोरीवाली
मी न्यूयॉर्क राज्यात जखमी हरणांचा माग काढायला कुत्री घेऊन जाते, वायरहेअर्ड डॅशहुंड आहे, पायांनी बुटकी पण नाक असलं की विचारू नका. इथे त्याला लायसन्स लागतं आणि कुत्रं पूर्ण वेळ लांब दोरीला बांधलेलं असावं लागतं. पेनसिल्वेनियातही २०१८ पासून चालतं, तुमच्या कलीगला सांगा.

फोन आला की माझा पहिला प्रश्न, बाण कुठाय? बहुतेकांनी तो पुसून परत भात्यात ठेवलेला असतो!! अरे बाबांनो तोच तर रिपोर्ट आहे. गुलाबी, फेसाळ रक्त असेल तर फुफ्फुस, अर्धा तास थांबलात की हरीण सहसा जवळच मिळतं. काळपट लाल असेल तर लिव्हर, चार-सहा तास तरी हलू नका. हिरवट पातळ आणि नाकाशी नेल्यावर शेणाचा वास आला तर पोटात गेलाय, मग आठ ते बारा तास. आणि नुसती चरबी लागून चिकट झाला असेल तर बऱ्याचदा वरवरचं असतं. पण माणसं काय करतात, दहा मिनिटांत झाडावरून उतरतात, टॉर्च घेऊन मागे धावतात, पहिल्यांदा बसलेलं हरीण उठतं आणि एकदा का ते उठून पळालं की रक्त गळणं थांबतं, चरबीने भोक बुजतं, पुढे मैलभर काहीच खूण नाही. त्यात रात्री कोयोटी आणि गरम हवा असेल तर मांस सकाळपर्यंत जातं, म्हणून थांबायचं का निघायचं हा निर्णय सोपा नसतो हेही खरं.

एकदा एका मुलाचा फोन आला, पोटात लागलेली मादी, त्याने आदल्या संध्याकाळीच तिला दोनदा उठवलं होतं. शेवटच्या रक्ताच्या जागी त्याने झुडपाला टॉयलेट पेपर बांधून ठेवला होता, हे मात्र शहाणपणाचं. तिथून पुढे माणसाला काही दिसत नव्हतं. एका वाळक्या पानावर काळा ठिपका होता, त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं तर फेस आला, म्हणजे रक्तच. कुत्री सरळ ओढ्याकडे गेली, पोटात लागलेली हरणं बऱ्याचदा पाण्याकडे जातात. मादी काठाला पडलेली, मागची एक मांडी कोयोटीनी खाल्लेली. त्याने टॅग लावला, खरं तर खायला फारसं काही उरलं नव्हतं, तरी लावला आणि म्हणाला आता माझा सीझन संपला.

मला एवढंच दिसतं की जे फोन करतात ते 'लागला' म्हणतात, जे करत नाहीत ते 'मिस' म्हणतात.

उनाड_पांडू
पांडू राजाला विचारा की, त्याने काय धरलं होतं 😀

चीजहेड_सातारकर
@पांडू, त्याचं हरीण सापडलं होतं ना राव, तोच तर प्रॉब्लेम झाला.

टेम्सकाठची
इंग्लंडात हा प्रश्नच येत नाही, हरणावर बाण चालवायलाच बंदी आहे. रायफल, तीसुद्धा ठरलेल्या ताकदीच्या वरची. आमचे शेजारी रो डिअर मारतात, त्यांना अमेरिकेतल्या बो हंटिंगबद्दल विचारलं तर भुवया वर जातात. पण गोळी लागून न सापडलेली हरणं त्यांच्याकडेही असतातच, फक्त त्याबद्दल बोलत नाहीत.

हिशोबनीस
मी काही वर्षं नामिबियात एका शिकार फार्मची अकाउंट्स बघायचो. तिथे सरळ नियम, रक्त दिसलं की जनावर तुमचं, मिळो न मिळो ट्रॉफी फी, म्हणजे त्या जनावराची ठरलेली किंमत, पूर्ण भरायची. कुडूसारख्या (आफ्रिकेतला मोठा, पिळाच्या शिंगांचा अँटिलोप) जनावराची फी म्हणजे चेष्टा नाही. परिणाम काय, तर तिथे कोणी लांबून उगाच मारत नाही, गाइडने नको म्हटलं की गिऱ्हाईक गपचूप धनुष्य खाली घेतं. अलास्कातही काही भागांत जखमी केलेलं अस्वल तुमच्या कोट्यात धरतात. म्हणजे मोजता येतं, मोजायचं ठरवलं तर. हरणांच्या बाबतीत का नाही करत? कारण तपासणार कोण, जंगलात माणूस एकटा असतो.

हॉस्टा_वाचवा
मी शिकार करत नाही, नवराही नाही. ओहायोत आमच्या गावाला हरणं फार झाली म्हणून गावाच्या हद्दीत परमिट देऊन बो हंटिंग करू देतात. एका सकाळी किचनच्या खिडकीतून बघते तर मादी माझे हॉस्टा (बागेतली मोठ्या पानांची झाडं) खातीये आणि तिच्या मागच्या मांडीत बाण, शेवटाला भडक केशरी प्लास्टिकची पिसं, ती चालली की हलायची. मुलगी शाळेत जायच्या घाईत, तिने बघितलं आणि दप्तर खाली टाकून रडायलाच लागली. वनखात्याच्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला चालतीये, खातीये, तर मागे लागू नका, पकडायला गेलं तर जास्त त्रास होईल. नंतर काही दिवस ती यायची, पुढे बाण पडला असावा, नुसती लंगडायची. मी हॉस्टा खाऊ दिले. ज्याचा तो बाण होता त्याने मित्रांना काय सांगितलं असेल हा धागा वाचताना पहिल्यांदा कळलं.

नेमका_मी
भावना बाजूला ठेवून एक आकडा देतो. मेरीलँडच्या इंडियन हेड नौदल तळावर १९८९ ते २००६ या काळातल्या बो हंटिंगच्या नोंदी अभ्यासल्या होत्या, त्यात बाण लागूनही हाती न आलेल्या हरणांचं प्रमाण साधारण १८ टक्के निघालं. तिथे नोंद ठेवायची सक्ती होती म्हणून आकडा तरी मिळाला. आता हे सगळे 'मिस' मध्ये टाकले तर कोणाच्याच हातून कधी काही जखमी झालं नाही असं दिसेल. म्हणून माझ्या वहीत तीन रकाने आहेत, मिळालं, चुकला, लागला-न-मिळालं. तिसरा भरला की त्या वर्षी मी डो टॅग (मादीचा टॅग) कोरा ठेवतो, कोणी सांगितलेलं नाही.

कॅम्पचा_बल्लवाचार्य
आमच्या मिशिगनच्या कॅम्पवर हाच नियम सगळ्यांना लावायचा ठरला होता, रक्त दिसलं तर तुझा टॅग गेला, उरलेले दिवस तू भांडी घासायची. पहिल्याच रात्री भांडण. एकाच्या बाणाला नुसते केस चिकटलेले, रक्ताचा थेंब नाही. तो म्हणतो मिस, बाकीचे म्हणतात धनुष्य ठेव. @दोरीवाली, तुम्हीच सांगा हे कशात धरायचं?

दोरीवाली
केस पांढरे, म्हणजे सहसा पोटाकडचे, होते की तपकिरी? आणि बाण नीट हुंगलात का?

कॅम्पचा_बल्लवाचार्य
पांढरे. हुंगला नाही, त्याने लगेच धुतला.