पावसाळ्यासाठी भोकांचीच डिस्क घ्यावी, हा सल्ला मला मान्य नाही

मांडवीकाठ:

परवा या चर्चेत दोनापावलाकरांनी ठामपणे लिहिले की, गोव्यासारख्या पावसाच्या प्रदेशात स्पोर्ट्स कारला आरपार भोके पाडलेल्या ब्रेक डिस्कच (डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी बिडाची चकती, जिला ब्रेकचे पॅड दाबून धरतात) बसवल्या पाहिजेत, आणि साधी सपाट डिस्क घेणारा माणूस चार पैशांसाठी स्वतःच्या व दुसऱ्याच्या जिवाशी बेपर्वाईने खेळतो. ते वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे. गेल्याच महिन्यात माझ्या बीएमडब्ल्यू झेड ४ साठी मी दोन्ही प्रकार समोर ठेवून साधी डिस्क निवडली, आणि त्या निवडीत पैशांचा प्रश्न नव्हता.

डिस्कचे पहिले काम उष्णता पोटात घेण्याचे आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी १६०० किलोची गाडी थांबवली की सुमारे ६१७ किलोज्यूल ऊर्जेची उष्णता होते आणि तिचा मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कच्या बिडात शिरतो. आता चोर्ला घाट उतरून केरीकडे येण्याचा विचार करा. ६०० मीटर उंची उतरणाऱ्या गाडीला जी ऊर्जा सोडावी लागते ती या एका थांबण्याच्या पंधरापट भरते, मग गाडीचे वजन काहीही असो. त्यातली काही इंजिन आणि हवा खाते. पण गिअर खाली न घेता ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्याच्या डिस्कवर उरलेली सगळी येऊन पडते. अशा वेळी उपयोगी पडतात त्या दोनच गोष्टी, एक म्हणजे बिडाचे वजन आणि दुसरी म्हणजे डिस्कच्या दोन पृष्ठांमधल्या पंखांतून, म्हणजे आतल्या उभ्या पट्ट्यांमधून, खेळणारी हवा. भोके पाडली की वजन कमी होते, आणि तापण्या-निवण्याचा प्रत्येक ताण भोकाच्या कडेशी एकवटून तेथूनच केसासारख्या चिरा सुटू लागतात.

पूर्वीचे पॅड तापले की त्यांतून वायू सुटत असे आणि त्याला वाट देण्यासाठी भोके होती. आजच्या पॅडच्या बाबतीत तो प्रश्न जवळजवळ उरलेला नाही. म्हणून मी जास्त कार्बनच्या बिडाची, मूळ मापाची, गंजरोधक लेप दिलेली साधी डिस्क घेतली आणि वाचलेली रक्कम चांगल्या पॅडवर खर्च केली. यात बेपर्वाई कोठे आहे, ते दोनापावलाकरांनी कृपया दाखवून द्यावे.

दोनापावला:

आपण हिशेब उत्तम मांडला आहे, पण तो कोरड्या रस्त्याचा आहे. जुलैमध्ये वेर्ण्याच्या पठारावर पाऊस आडवा मारतो तेव्हा डिस्क तापलेली नसते, ती भिजलेली आणि थंड असते. दोन वर्षांपूर्वी रात्री अकराच्या सुमारास मी तेथून येत होतो. दहा मिनिटे ब्रेकला हात लावण्याची वेळच आली नव्हती, आणि अचानक समोर म्हशींचा कळप दिसला. पेडल दाबले आणि पहिला क्षणभर गाडीने काहीही प्रतिसाद दिला नाही. पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये पाण्याचा थर होता. शेवटच्या म्हशीपासून मी हातभर अंतरावर थांबलो आणि त्यानंतर बराच वेळ माझे पाय थरथरत होते. ती मी पूर्वी वापरत असलेली गाडी होती आणि तिला आपल्यासारखीच साधी डिस्क होती. आज माझ्याकडे पोर्श बॉक्स्टर आहे. तिला भोकांची डिस्क कारखान्यातूनच येते आणि त्या पावसात ती पहिल्या स्पर्शाला पकडते. पोर्शच्या अभियंत्यांना चिरांचे शास्त्र कळत नाही, असे आपले म्हणणे आहे काय?

मांडवीकाठ:

तसे माझे म्हणणे नाही, आणि माझ्या तोंडी ते घालू नये. कारखान्यात भोकांची जागा आतील पंखांचा विचार करून ठरवतात, प्रत्येक कड उतरती करून गुळगुळीत करतात आणि बिडाची जातही त्यानुसार निवडतात. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त डिस्क बहुधा साध्याच डिस्कवर मागाहून भोके पाडून विकल्या जातात, आणि त्यांतली काही भोके थेट पंखावर येतात. त्यात पोर्शच्याच शर्यतीच्या जीटी ३ कप गाड्यांना भोकांऐवजी पृष्ठावर कोरलेल्या खाचांच्या डिस्क असतात, हे आपण सोयीस्करपणे वगळले आहे. शिवाय माझ्या गाडीत पावसात पॅड अधूनमधून डिस्कला हलकेच टेकवून पाणी पुसण्याची सोय आहे, त्यामुळे आपल्या त्या भीषण रात्रीचा अनुभव माझ्या गाडीला जसाच्या तसा लागू होत नाही.

फोंडेकर:

आपण दोघे भोकांवरून भांडत आहात आणि माझा जीव वेगळ्याच गोष्टीने मेटाकुटीला आला आहे. चार वर्षांत मी माझ्या गाडीला तीन वेळा पुढच्या डिस्क बदलल्या, पहिल्यांदा साध्या, नंतर भोकांच्या आणि शेवटी महागातल्या खाचांच्या. प्रत्येक वेळी पहिले चार-पाच हजार किलोमीटर गाडी लोण्यासारखी थांबते आणि मग ताशी ८० च्या वर ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरू लागते. प्रत्येक वेळी मला एकच उत्तर मिळते, ते म्हणजे डिस्क वाकली. तीन वेगवेगळ्या प्रकारच्या डिस्क एकाच अंतरानंतर कशा वाकतात? मधल्या खेपेला लेथवर घासूनही घेतली, आणि त्यानंतर थरथर आठ दिवसांतच परतली. लेथवाल्यांनी आमच्यासारख्यांना पुरते लुटले आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

सासष्टीकर:

फोंडेकरबाब, मडगावात आमच्या घराण्याचा लेथ वडिलांच्या काळापासून चालू आहे, आणि लुटले हा शब्द मी ऐकून घेणार नाही. डिस्क आमच्याकडे आणून देणारा मेकॅनिक तिची किमान जाडी किती छापली आहे, हेसुद्धा पाहत नाही. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या उंचवट्यावर, म्हणजे टोपीवर, तो आकडा असतो. त्याच्या खाली गेलेली डिस्क आम्ही परत पाठवली की तो दुसऱ्याकडे जातो आणि तेथे ती घासून मिळते. मग बदनामी मात्र सगळ्यांची होते. आणि गाडीवरून उतरवलेली डिस्क आम्ही लेथच्या जबड्यात धरतो तेव्हा ती लेथच्या अक्षाशी सरळ होते. तुमच्या गाडीच्या हबशी, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसते त्या भागाशी, ती सरळ बसेल की नाही, हे आम्हाला कोठून कळणार?

मांडवीकाठ:

सासष्टीकरांच्या शेवटच्या वाक्यातच फोंडेकरांचे उत्तर आहे, आणि ते कोणीतरी सविस्तर लिहायला हवे म्हणून लिहितो. डिस्क वाकणे ही फार क्वचित घडणारी गोष्ट आहे. बहुतेक वेळा हबच्या तोंडावर गंजाचा पापुद्रा राहतो, नवी डिस्क त्यावर तशीच चढवली जाते आणि ती किंचित तिरकी फिरते. हबपाशी कागदाच्या जाडीचा कण राहिला तर डिस्कच्या कडेला त्याचे दुप्पट-अडीचपट डोलणे होते. सुरुवातीला हाताला काहीच जाणवत नाही. पण ब्रेक दाबलेला नसतानाही डिस्कची एक बाजू दर फेऱ्याला पॅडला चाटून जाते आणि हजारो किलोमीटरांनंतर तेथे झीज किंवा पॅडच्या मालाचा थर साचून जाडीत फरक पडतो. थरथर येते ती या फरकाची. म्हणूनच ती चार-पाच हजारांनंतर येते आणि म्हणूनच डिस्कचा प्रकार बदलून ती जात नाही. हब तारेच्या ब्रशने चकचकीत करून, डिस्क नटांनी घट्ट धरून, डायल गेज, म्हणजे डोलणे मोजणारे काट्याचे उपकरण, लावून एक फेरा फिरवावा. डोलणे ०.०५ मिलिमीटरच्या आत आले पाहिजे.

फोंडेकर:

माझा मेकॅनिक वीस वर्षे हेच काम करतो. त्याला हब पुसता येत नाही, असे आपण घरी बसून सांगत आहात. डायल गेज आणि मिलिमीटरचे शतांश हे कारखान्यात ठीक आहे, येथे रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये कोण हे करतो?

सासष्टीकर:

कोणी करत नाही, म्हणूनच तुम्ही तीन जोड्या विकत घेतल्या. राग मानू नका, पण वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या चुकीचे खापर आमच्या लेथवर फोडले गेले आहे आणि आज प्रथमच कोणीतरी मूळ कारण मांडले आहे. त्यात हवेच्या बंदुकीने चाकाचे नट जसे हाताला येतील तसे आवळतात, एक कमी आणि एक जास्त, त्यानेही डिस्क ओढली जाते. नट समोरासमोरच्या जोडीने आणि टॉर्क पाना, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणारा पाना, लावूनच आवळले पाहिजेत. या रविवारी गाडी घेऊन मडगावला या. माझ्याकडे डायल गेज आहे आणि मी एक पैसाही घेणार नाही.

म्हापसेकर:

या चर्चेत खाऱ्या हवेचा विषय कोणीच काढला नाही, याचे मला आश्चर्य वाटते. आमचे घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. गेल्या ऑगस्टमध्ये गाडी बारा दिवस अंगणात उभी होती. चाकाच्या आऱ्यांमधून पाहिले तेव्हा डिस्क हळदीसारखी पिवळी-तांबूस झाली होती. गाडी दोन हात पुढे ढकलली तेव्हा पॅडच्या खालचा भाग दिसला, पॅडच्याच आकाराचा, कडा काळ्या रेघेने आखल्यासारखा. वरचा गंज दहा-बारा वेळा ब्रेक लावल्यावर गेला, पण तो ठसा पुढे कित्येक दिवस प्रत्येक फेऱ्याला पायाखाली ठक-ठक करत राहिला. आता पावसाळ्यात मी ओल्या गाडीचा हँडब्रेक ओढून ठेवत नाही. सपाटीवर गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावते.

भोकांच्या डिस्कबद्दल माझा अनुभव असा की, किनाऱ्यावर त्या भोकांत गंज आणि पॅडची भुकटी यांचा लगदा बसतो. माझ्या पूर्वीच्या डिस्कची भोके मी दाभणाने एकेक करून साफ केली आहेत, आणि जी आतून बुजली ती पाणी काय बाहेर टाकणार? येथे खरे महत्त्व लेपाला आहे. घासल्या जाणाऱ्या पृष्ठावरचा लेप पहिल्या काही ब्रेकमध्येच निघून जातो, पण टोपीवर आणि आतल्या पंखांवर तो टिकतो, आणि हवेचे मार्ग गंजाने बुजायला नको असतील तर तोच हवा. ब्रेक ऑइलचीही तीच गत आहे. डॉट ४ या प्रतीच्या ऑइलचा नवेपणीचा उत्कलनांक किमान २३० अंश सेल्सिअस असतो, दमट हवेतले पाणी मुरल्यावर ती मर्यादा १५५ धरतात. ते उकळून घाटात पेडल मऊ पडले की लोक डिस्कला दोष देतात, आणि बाटलीतले तेल मात्र चार-चार वर्षे कोणी बदलत नाही.

दोनापावला:

विषय पावसातल्या पहिल्या पकडीचा होता आणि आपण सर्वांनी तो हब, लेथ आणि तेलाच्या बाटलीपर्यंत नेला. माझ्या प्रश्नाला कोणीही सरळ उत्तर दिलेले नाही. ज्याच्या गाडीत पाणी पुसण्याची सोय नाही, त्याने जुलैमध्ये काय करावे? म्हापसेकरबाय, आपली भोके बुजली कारण गाडी उभी राहते. माझी रोज चालते आणि माझी भोके स्वच्छ आहेत. मी त्या रात्री जे पायाखाली अनुभवले ते कोणत्याही हिशेबाने खोटे ठरत नाही.

मांडवीकाठ:

ते खोटे ठरवण्याचा माझा हेतू नाही. ओल्या डिस्कवरचा पाण्याचा थर तोडायला मोकळ्या कडांचा उपयोग होतो, एवढे मी मान्य करतो, आणि पहिल्या लेखनात ते लिहायला हवे होते हेही मान्य करतो. पण ते काम खाचाही करतात. खाचा आरपार जात नाहीत, त्यामुळे चिरांचा धोका बराच कमी राहतो. पॅड थोडे लवकर झिजतात आणि किंचित घरघर ऐकू येते, इतकेच. पाणी पुसण्याची सोय नसलेल्या गाडीला नामांकित कंपनीची खाचांची डिस्क मी सुचवेन. मात्र वाकड्या पंखांच्या डिस्क डाव्या-उजव्या वेगळ्या असतात, त्या बसवताना खाचांच्या दिशेकडे पाहून फसू नये. पंख फिरण्याच्या उलट दिशेला कललेले हवेत, म्हणजे ते मधली हवा बाहेर फेकतात. आणि कोणतीही डिस्क असली तरी लांब पावसात दर काही मिनिटांनी मागे कोणी नाही असे पाहून ब्रेक हलकेच दाबावा. त्याला काही खर्च येत नाही.

दोनापावला:

खाचांबद्दलचे आपले म्हणणे मी लक्षात ठेवीन. मात्र स्वस्त भोकांच्या आणि कारखान्याच्या भोकांच्या डिस्कमधला फरक आपण पहिल्या लेखनातच केला असता तर मी इतका चिडलो नसतो. बेपर्वाई हा शब्द मी आपल्यापुरता मागे घेतो, सर्वांपुरता नाही. ज्याने साधी डिस्क काही विचार न करता केवळ स्वस्त म्हणून घेतली, त्याच्यासाठी तो तसाच राहील.

सासष्टीकर:

फोंडेकर काल सकाळी गाडी घेऊन आले होते. डावीकडच्या डिस्कचे डोलणे ०.१२ मिलिमीटर भरले. डिस्क उतरवली तेव्हा हबच्या तोंडावर, नटांच्या दोन भोकांच्या मध्ये, नखाएवढा गंजाचा पापुद्रा चिकटलेला होता आणि डिस्कच्या आतल्या बाजूला त्याचाच ठसा उमटला होता. ब्रश मारून, पुसून, तीच डिस्क पुन्हा चढवली तेव्हा गेजने ०.०३ दाखवले. जाडीत पडलेला फरक मात्र राहिलाच होता, म्हणून पृष्ठ अगदी थोडे घासले आणि किमान जाडीपेक्षा ती अजून दीड मिलिमीटर वर आहे.

फोंडेकर:

येताना बोरीच्या पुलापर्यंत चार वेळा जोरात ब्रेक लावून पाहिला, स्टिअरिंग थरथरले नाही. पाच हजार किलोमीटर होईपर्यंत मी काहीच कबूल करणार नाही, पण लेथवाल्यांबद्दल जो शब्द वापरला तो मागे घेतो. उजवीकडची बाजू पुढच्या रविवारी.