मदत हवी आहे: चर्चमध्ये अर्पणाची पिशवी आणि क्यूआर कोड, दोन्ही एकत्र कसं चालवायचं?

शाहूपुरीवाला

नमस्कार. कोल्हापुरातल्या आमच्या चर्चच्या पंच कमिटीत मी खजिनदारांना मदत करतो. यंदा हंगामाच्या सणाआधी (पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा सण) ऑनलाइन अर्पण सुरू करायचं असं बैठकीत ठरलं. ठरलं लगेच, पण करायचं कसं यावर घोडं अडलंय.

आत्ताची पद्धत सगळ्यांना माहीत असलेलीच. अर्पणाचं गीत सुरू झालं की दोघे जण मखमली पिशव्या बाकांमधून फिरवतात. दशमांशाची, म्हणजे कमाईच्या दहाव्या हिश्श्याची, पाकिटं वेगळी, वर कुटुंबाचं नाव आणि महिना. उपासनेनंतर मागच्या खोलीत किमान दोघांनी मोजायचं, वहीत सह्या, सोमवारी बँकेत भरणा. हे बंद करायचं नाहीये. पेन्शनवर जगणाऱ्या आमच्या मावश्या रुमालाची गाठ सोडून घडी घातलेली नोट पिशवीत टाकतात. त्यांना "स्कॅन करा" म्हणायला माझी जीभ रेटणार नाही.

पण शिरोली, गोकुळ शिरगावला एमआयडीसीत जाणाऱ्या पोरांच्या खिशात दहाची नोटसुद्धा नसते. पिशवी आली की मान खाली घालून पुढच्याकडे सरकवतात. द्यायची इच्छा आहे, रोकड नाही. ऊसवाल्यांचंही तेच, बिल थेट खात्यावर जमा होतं. आणि सणाचा लिलाव तर विचारूच नका! अर्पणात आलेला गुळाचा रवा (ढेप), केळीचा घड, कोंबडा, सगळ्यावर जोरात बोली लागते. "पाठवतो की ओ फोनवरनं" म्हणून माणूस रवा काखेत मारून घरी जातो आणि वहीत त्याच्या नावापुढं बाकी तशीच राहते.

आता प्रश्न. एका पंचांचं म्हणणं, सध्या खजिनदारांच्याच नंबरवर घ्या, महिनाअखेरीला ते चर्चच्या खात्यात टाकतील. मला पटत नाही, पण बैठकीत नीट मांडता येईना. दुसरं, फोनवरून आलेले पैसे दशमांशाचे, आभाराचे की इमारत निधीचे, हे ओळखायचं कसं? तिसरं, गुप्त अर्पण देणाऱ्यांचं काय? खात्यात नाव दिसणारच. आणि काही जण देणगीवरच्या करसवलतीसाठी 80जीची पावती मागतायत. पैसे बोलून दाखवणारा तो डबा बँक देईल, तो घ्यावा का?

ताळेबंद

खजिनदारांच्या नंबरवर अजिबात नको. त्यांच्या प्रामाणिकपणाचा प्रश्नच नाही, उलट त्यांच्या भल्यासाठीच सांगतोय. पैसे त्यांच्या बचत खात्यात आले की कागदोपत्री ते त्यांचे. आयकर खात्यानं विचारलं तर उत्तर त्यांनी द्यायचं, आणि देव न करो, त्यांचं काही बरंवाईट झालं तर खात्यावर हक्क वारसांचा. चर्चचा ट्रस्ट महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली नोंदलेला असेल तर हिशेब तपासून घेणं आलंच. तिथं ट्रस्टच्या खात्याचा उतारा लागतो, कुणाच्या मोबाईलचे स्क्रीनशॉट चालत नाहीत. एवढं बैठकीत वाचून दाखवा.

ट्रस्टचं पॅन, नोंदणीचा दाखला, कमिटीचा ठराव आणि सह्या करणाऱ्यांची केवायसी घेऊन, खातं आहे त्याच बँकेत जा. क्यूआर ट्रस्टच्या नावानंच घ्या. स्कॅन केल्यावर चर्चचं नाव दिसलं की देणारा निर्धास्त.

80जीबद्दल: जो ट्रस्ट एखाद्या विशिष्ट धर्माच्या समाजासाठीच आहे, त्याला सहसा ही मान्यता मिळत नाही. तुमच्या ट्रस्टकडे प्रमाणपत्र नसेल तर पावतीवर करसवलतीचा शब्दही छापू नका. मान्यता असलेल्या संस्थेलाही 2,000 रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर तिच्यावर वजावट मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत तर ही वजावटच नाही.

कृष्णाकाठची

दादा, तो डबा घेऊ नका! आमच्याकडे कुणीतरी हौसेनं पुढच्या टेबलावर आणून ठेवला. पाळकसाहेब मध्यस्थीच्या प्रार्थनेत, सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि डबा खणखणीत आवाजात "एक्कावन्न रुपये प्राप्त झाले". रविवार शाळेची पोरं खाली वाकून फिदीफिदी. त्याहून वाईट म्हणजे पुढच्या बाकावर पाचशे वाजले की मागचा एक्कावन्नवाला खिशातला फोन बाहेरच काढत नाही. बायबलातल्या गरीब विधवेच्या दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी नाणी, त्या डब्यानं मोठ्यानं वाचल्या असत्या तर कसं झालं असतं?

पोरांच्या मान खाली घालण्यावर आमचा उपाय साधा आहे. "अर्पण ऑनलाइन दिले आहे" एवढंच छापलेली जाड कागदाची कार्डं प्रत्येक बाकावर ठेवतो. रक्कम नाही, नाव नाही. पिशवी आली की कार्ड टाकायचं. मोजणीच्या वेळी ती बाजूला काढून पुढच्या रविवारी परत बाकावर. खरं सांगायचं तर काही न देताही कार्ड टाकणारे असतील. असू देत की, ते त्यांचं आणि देवाचं.

रकमेच्या हेतूबाबत आधीच ठराव करून ठेवा. फोनवर टिपेत "आभार" किंवा "दशमांश" लिहिलं तर त्या सदरात, काही न लिहिलेलं सगळं सर्वसाधारण अर्पणात. इमारत निधीचं खातं वेगळं असेल तर त्याचा क्यूआरही वेगळा, नाहीतर वर्षअखेरीला डोकं धरून बसाल.

एक गोष्ट आम्हाला उशिरा उमगली. दशमांश सुनेच्या पगाराचा, पण पैसे येतात नवऱ्याच्या खात्यावरून, मग वार्षिक अहवालाच्या यादीत नाव त्याचंच. पावती कुणाच्या नावानं हवी ते विचारून घ्या. घराघरात शांतता राहील.

जुनाबुधवार

क्यूआर वेदीशेजारी लावू नका, पेट्रोल पंपावर आल्यासारखं वाटतं. दाराशी, सूचना फलकाजवळ ठेवा. कायमचा चिकटवूही नका. स्टिकरवर दुसरा स्टिकर लावून पैसे पळवल्याचे प्रकार दुकानांत झालेत. उपासनेआधी ठेवायचा, स्वतः एक रुपया पाठवून बघायचा, नंतर कपाटात.

साध्या फोनवरूनही पैसे पाठवायची सोय आहे, पण मावश्यांना ते शिकवायच्या फंदात पडू नका. पिशवी आहे की.

शाहूपुरीवाला

सगळ्यांचे आभार, कार्डाची कल्पना तर फारच आवडली. एक राहिलं. आमची काही मंडळी बाहेर आहेत. एक जण दुबईत नोकरीला, एक कुटुंब ऑस्ट्रेलियाचं नागरिक झालंय. दोघांनाही इमारत निधीला द्यायचंय. क्यूआर पाठवू का?

ताळेबंद

थांबा. दुबईवाल्याचा पासपोर्ट भारतीय असेल आणि तो स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल तर ते परदेशी देणगीत धरत नाहीत. पासपोर्टची प्रत मागून ठेवा. ऑस्ट्रेलियावाले मूळचे कोल्हापूरचे असले तरी आता परदेशी नागरिक. त्यांच्याकडून घ्यायला एफसीआरएची (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि ती रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. नोंदणी नसेल तर नम्रपणे नाही म्हणा. आणि क्यूआर कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवू नका, तिथं कोण कुठल्या देशाचा हे तुम्हाला कळणार नाही.

मोठी रक्कम असेल तर धनादेश किंवा एनईएफटी बरं. यूपीआयवर साधारण एका लाखाची मर्यादा असते.

शाहूपुरीवाला

बरं झालं विचारलं. डबा रद्द, खजिनदारांचा नंबर रद्द. ठरावाचा मसुदा आज रात्री लिहून पाळकसाहेबांना दाखवतो. लिलावासाठी मात्र नियम माझाच: क्यूआर टेबलावर, पैसे आल्याचं खजिनदारांनी बघितल्याशिवाय गुळाचा रवा जागचा हलणार नाही.