जुन्या सीजे३बी जीपच्या चेंबरचं पॅकिंग बदलायचंय, सल्ला हवाय

कराडची_जीप : नमस्कार मंडळी. वडिलांची महिंद्रा सीजे३बी आहे, चार सिलिंडर हरिकेन पेट्रोल इंजिन, 2.2 लिटरचं. चेंबरखाली (इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं) रोज सकाळी तळहाताएवढा ऑइलचा डाग पडतोय. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये पॅकिंग बदललं होतं पण चार महिन्यांत परत गळायला लागली. आता घरीच करायचं ठरवलंय. कॉर्कचं पॅकिंग घेऊ की कागदी, का नुसतं सिलिकॉन? आणि इंजिन न उतरवता चेंबर निघतं का?

नानापेठकर : निघतं की, खालूनच. चॅसीला घोडे (लोखंडी स्टँड) लावा म्हणजे पुढचा अ‍ॅक्सल खाली लोंबेल आणि जागा होईल. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका, कृपा करा.

अर्धा_इंची_पाना : दादा, पॅकिंग आणायच्या आधी गळतंय कुठून ते बघा. या इंजिनात टॅपेट कव्हर, पेट्रोल पंप आणि ऑइल पंप सगळे डाव्या अंगाला, तिथून ओघळ येतो आणि चेंबरच्या कडेवर थांबतो, मग दोष चेंबरला. रॉकेलने सगळं धुवा, कोरडं करा, टाल्कम पावडर मारा आणि पंधरा मिनिटं इंजिन चालवा, ओघळ कुठून सुरू होतो ते पांढऱ्यावर स्पष्ट दिसतं. ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर काढणारा व्हॉल्व्ह पण साफ करा, तो तुंबला की आतलं प्रेशर मिळेल त्या फटीतून ऑइल बाहेर ढकलतं, मग कितीही पॅकिंगं बदला.

आता चार महिन्यांत का गळलं असेल ते सांगतो. चेंबर पत्र्याचं आहे. कोणीतरी बोल्ट जोर लावून आवळले की भोकापाशी पत्रा वर उचलला जातो आणि दोन बोल्टच्या मध्ये फट राहते. काढल्यावर काचेवर किंवा सपाट फरशीवर उपडं ठेवा, कड कुठे टेकत नाही ते दिसेल. कडेखाली सपाट लाकूड ठेवून लहान हातोडीने हळूहळू ठोकून भोकं बसवा. हे काम कंटाळवाणं आहे, दोन तास जातील, पण खरं काम हेच आहे, पॅकिंग त्याच्यानंतर.

पॅकिंग कॉर्कचंच घ्या, पत्र्याच्या कडेला तेच सांभाळून घेतं. दुकानात पडून वाळलेलं असेल तर आखडतं, भोकं जुळत नाहीत, मग थोडा वेळ कोमट पाण्यात भिजवा, येतं मापात. चिकटवायचं फक्त चेंबरला, पातळ थर देऊन. सिलिकॉन भरमसाट लावलं की जादाचं आत लोंबतं आणि तुटून ऑइल ओढणाऱ्या जाळीत जाऊन ती तुंबवतं. हे इंजिन गेलं तर त्याच्यापायी जाईल, पॅकिंगपायी नाही.

कराडची_जीप : खूप आभार. बोल्टला 13 चा पाना चालतो का?

अर्धा_इंची_पाना : बसतो, पण ढिला. अर्ध्या इंचाचाच घ्या, डोकी गोल होतात नाहीतर. आणि समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, कॉर्क बाजूला फुगायला लागला की थांबा. दुसऱ्या दिवशी परत एक हात फिरवा.

कराडची_जीप : रविवारी खोललं. भाऊ, तुम्ही म्हणालात तसंच, मागच्या बाजूची तीन भोकं चक्क वर आलेली! आणि आत एक डबी हलतेय, जाळी लावलेली, तुटलंय का काहीतरी?

अर्धा_इंची_पाना : नाही नाही, तो फ्लोट आहे, ऑइलवर तरंगतो आणि वरचं स्वच्छ ऑइल ओढतो, गाळ तळाशी राहतो. जाळी पेट्रोलने धुवा, फ्लोट अडकत नाही ना बघा.

उद्यमनगर_कोल्हापूर : उघडलंच आहे तर मागच्या मेन बेअरिंगच्या (क्रँक ज्यात फिरतो त्या) कॅपच्या दोन्ही बाजूंना रबराच्या बारीक पट्ट्या असतात त्या बघा. बाहेर थोड्या डोकावलेल्या पाहिजेत, चेंबर वर आलं की दाबल्या जातात आणि तिथली वाट बंद होते. बरेच जण जादाच्या समजून सपाट कापतात. चेंबर बसवल्यावर मग त्या बघता येत नाहीत.

कराडची_जीप : आत्ता टॉर्च घेऊन बघून आलो. एका बाजूची सपाट कापलेली आहे, दुसरी तर नाहीच. चेंबर तसंच उघडं ठेवतो, क्रँकवरून अजून थेंब पडतायत, खाली ट्रे लावलाय. पट्ट्या मिळाल्या की बसवतो. ऑइल किती भरू?

नानापेठकर : साधारण पावणेचार लिटर, फिल्टरचं वेगळं. डिपस्टिक बघतच भरा. पट्ट्या इकडे मिळतील बहुतेक, जुन्या जीपचं सामान ठेवणारं एक दुकान आहे, उद्या विचारून सांगतो.