४-स्ट्रोक घेतलं म्हणून पेट्रोल निम्मं होत नाही

दारणाकाठ:
काल आपल्या मच्छीमार ग्रुपवर एकाने टाकलंय की होडीचं जुनं २-स्ट्रोक मशीन भंगारात द्या, ४-स्ट्रोक घ्या, पेट्रोल निम्म्यावर येतं आणि सहा महिन्यांत पैसे वसूल. खाली सगळ्यांचे अंगठे. रात्रभर डोक्यातून गेलं नाही म्हणून लिहितोय, कारण त्या भरवशावर उद्या कोणी सोसायटीचं कर्ज काढून मशीन उचललं तर हप्ते काय तो मेसेजवाला भरणार आहे का.

माझी १८ फुटी फायबरची होडी, मागे ९.९ हॉर्सपॉवरचं जुनं २-स्ट्रोक, जाळी दारणा धरणात. गेल्या उन्हाळ्यात टाकीची नळी काढून खुणा मारलेल्या बाटलीला लावली आणि मोजलं. काठापासून जाळ्यापर्यंत ३ किमी. मूठ पूर्ण पिळून १४ मिनिटं लागली, पेट्रोल गेलं १ लिटर १०० मिली. दुसऱ्या दिवशी तीच वाट अर्ध्या मुठीवर, १९ मिनिटं आणि ६५० मिली. मशीन तेच, होडी तीच, पाच मिनिटं जास्त लागली आणि ४० टक्के पेट्रोल वाचलं. यात गंमत काही नाही. होडीची पाण्याला टेकलेली लांबी १६ फूट असेल तर तिचा सहज वेग साडेपाच नॉटच्या आत, म्हणजे ताशी १० किमी. त्याच्यापुढे ती आपणच उठवलेल्या लाटेवर चढायला बघते, नाक वर येतं, मागची बाजू बसते आणि मशीन नुसतं पाणी ढकलत राहतं. मग त्यात २ स्ट्रोक असो नाहीतर ४.

आता हिशोब. मला रोजचे ३ लिटर लागतात, वर्षाला २०० दिवस होडी पाण्यात. ४-स्ट्रोकने ३० टक्के वाचतं असं धरलं तरी दिवसाला लिटरभराच्या आतच, शंभर रुपयाच्या आत-बाहेर. वर्षाचे १९-२० हजार. नवीन मशीन दीड लाखाच्या खाली नाही. सात-आठ वर्षं झाली की नाही? सहा महिने कुठून आले?

सिडको_गॅरेज:
दादा, निम्मं होत नाही हे खरं, तो मेसेज चुकीचाच. पण तुम्ही दुसऱ्या टोकाला गेलात. २-स्ट्रोकमध्ये ताजा चार्ज, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण, आत येतो तेव्हा एक्झॉस्टचा पोर्टपण उघडाच असतो, त्यामुळे जुन्या कार्बोरेटरवाल्या मशीनमध्ये पेट्रोलचा पाव हिस्सा न जळताच बाहेर जातो. हा पाव हिस्सा अर्ध्या मुठीवर चालवून परत येत नाही, तुम्ही हळू चालवलं तरी त्या ६५० मिलीतला बराच भाग पाण्यात गेलाच. तेच ४-स्ट्रोक अर्ध्या मुठीवर चालवा, मग बोला. तुम्ही स्वतःच्या मशीनची स्वतःशीच तुलना केलीय.
आणि हिशोबात ऑइल कुठंय? ३ लिटरला रोज किती टाकता?

दारणाकाठ:
लिटरला ३०-३५ मिली. आमच्याकडे सगळे तेवढंच टाकतात, मशीन जास्त टिकतं.

सिडको_गॅरेज:
म्हणजे ३०:१. बहुतेक मशीनच्या पुस्तिकेत रनिंग-इन, म्हणजे नव्या मशीनचे सुरुवातीचे तास, झाल्यावर ५०:१ लिहिलेलं असतं, लिटरला २० मिली. तुम्ही दीडपट ऑइल जाळताय, प्लग काळा होतोय, आणि वर मशीन टिकतं म्हणताय. कोणतं ऑइल? मोटारसायकलचं २टी असेल तर ते हवेवर थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं, तुमचं मशीन पाण्यावर थंड होतं, त्याला डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं लागतं.

सातपाटीचा_जावई:
राहतो नाशिकरोडला पण सासुरवाडी सातपाटी, म्हणून बोलतो. तिकडे मोठ्या बोटींना आत डिझेल मशीन, आउटबोर्ड, म्हणजे मागे टांगायचं मशीन, छोट्या होड्यांना. सासरे म्हणतात मशीनपेक्षा पंखा (प्रोपेलर) बघा. आणि हे समुद्रावरचे आकडे इथे आणून लावू नका, नाशिक ६०० मीटरवर आहे, दर ३०० मीटरला ताकद साधारण ३ टक्के कमी होते, म्हणजे इथे ६ टक्के गेलीच. समुद्रावर पंख्याचा जो पिच (एका फेरीत तो पाण्यात किती पुढे सरकेल तो आकडा) बरोबर तो इथे जड पडतो, मशीन आरपीएम घेत नाही आणि माणूस मूठ अजून पिळतो. डिझेलवाल्यांना निदान करपरतावा आहे, उशिरा का होईना मिळतो. धरणावरच्या पेट्रोलवाल्याला विचारतंय कोण?

गिरणेचा_भोई:
परताव्याचं काय घेऊन बसलात भो, आमच्याकडे गिरणा धरणात ठेक्याचीच भानगड मिटत नाही. चिलापी निघते, कटला निघतो, भाव ठरवणारा दुसराच. मशीन २ का ४ हा पोट भरलेल्यांचा प्रश्न. मी अजून वल्ह्यावर आहे, बाप वल्ह्यावर होता. उन्हाळ्यात पाणी आटलं की काठ अर्धा किमी लांब जातो, मशीन खांद्यावर घेऊन त्या गाळातून चाला मग कळेल. ४-स्ट्रोक दहा-बारा किलोने जड असतं ते कोणीच बोलत नाही. रात्री काठावर ठेवलं तर चोरीला जातं, शेजारच्याचं गेलंय.

दारणाकाठ:
वजनाचं शंभर टक्के बरोबर. मी रोज घरी आणतो, बायको म्हणते लेकरू झोपवल्यासारखं कोपऱ्यात ठेवतोस. पण पेट्रोलचा खरा चोर कोणाला सापडला नाही अजून. इथेनॉल. पंपावर २० टक्के मिसळलेलंच मिळतं, दुसरं मागितलं तर नाही. इथेनॉलमध्ये ताकद पेट्रोलच्या दोन तृतीयांश, म्हणजे सहा-सात टक्के तिथेच गेले. आणि बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलंय. माझ्या नळीचा दाबायचा फुगा पावसाळ्यात असा मऊ झाला की बोटाला काळं लागत होतं. मधोमध पाण्यात मशीन बंद, सोबत पोरगा, वारा घाटाकडून, अंधार पडत आलेला. दोरी ओढून ओढून हाताची साल निघाली. तो दिवस मी विसरणार नाही.

मका_येवला:
आता आलं सगळं इथेनॉलवर. माझा दोन एकर मका आहे, इथेनॉलला मका घ्यायला लागले तेव्हा कुठे व्यापारी बांधावर येऊन बोलायला लागला. २०२५-२६ ला हमीभाव २४०० होता, बाजारात तेवढा मिळाला नाही ते वेगळं, पण ही मागणी गेली तर काय होईल? तुमच्या एका फुग्यापायी शेतकऱ्याच्या पोटावर पाय द्यायचा का?

दारणाकाठ:
भाऊ मी पण गावातलाच आहे, मक्याच्या विरोधात एक शब्द लिहिलेला नाही. मला निवड द्या एवढंच. पंपावर दोन नोझल ठेवा, एक माझ्यासारख्या जुन्या मशीनवाल्याला.

मका_येवला:
दोन नोझल म्हटलं की सगळे जुनं पेट्रोल भरणार आणि मका पडून राहणार. हे तुम्हाला पण माहितीये.

सातपाटीचा_जावई:
अहो मक्याला भाव मिळावा यासाठी मच्छीमाराने धरणाच्या मधोमध अडकून पडायचं हा कुठला न्याय? शेतकऱ्याला भाव द्या, सरकारने द्यावा, कार्बोरेटरमधून कशाला?

मका_येवला:
कार्बोरेटरमधून द्या म्हणून मी अर्ज केला नव्हता. कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा कोण आलं होतं शेतकऱ्याच्या बाजूने? लासलगावला लिलाव बंद पडले तेव्हा शहरात कांदा स्वस्त झाला म्हणून खूश होते सगळे. आज तुमचं मशीन बंद पडलं तर लगेच न्याय आठवला.

सिडको_गॅरेज:
थांबा जरा दोघंही. इथेनॉल पाणी ओढतं हे खरं, आणि नळ्या, डायफ्राम, फुगा जुन्या रबराचे असतील तर खराब होतात हेही रोज बघतो. पण एक गोष्ट बाजूला राहिली. २० टक्केवाल्या पेट्रोलमध्ये पाणी वेगळं होऊन खाली बसायला १० टक्केवाल्यापेक्षा जास्त पाणी लागतं. म्हणजे थोडा दमटपणा आला की लगेच पाणी तळाला बसतं असं नाही. खरा गुन्हेगार म्हणजे अर्धी भरलेली टाकी, तिचा उघडा व्हेंट (हवेचं भोक) आणि तीन महिने तसंच पडलेलं पेट्रोल. पावसाळ्यात होडी बंद ठेवता तेव्हा टाकी रिकामी करता का? कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत मशीन चालवता का? इथेनॉलला चालणारी नळी आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा, दोन-तीन हजारात काम होतं.

दारणाकाठ:
टाकी रिकामी करत नाही. पंधरा वर्षांत कधी केली नाही आणि आधी कधी काही झालं नव्हतं.

सिडको_गॅरेज:
आधी इथेनॉल नव्हतं एवढं. तेवढं मी मान्य करतो.

नाशिकरोडची_ताई:
मी बोटीतली नाही, पण एक प्रश्न आहे आणि तो तुम्ही सगळ्यांनी ओलांडून पुढे गेलात. दारणेचं पाणी चेहेडीवरून उचलून आमच्याकडे नळाला येतं. दादा स्वतः लिहितात की पाव हिस्सा न जळता जातो ते खोटं नाही, वर दीडपट ऑइल टाकतात. ते सगळं जातं कुठे? एक्झॉस्ट पाण्याखाली आहे. काठावर सकाळी रंगीत पट्टा दिसतो तो मी स्वतः पाहिलाय, लेकाला घेऊन गेले होते, तो म्हणाला आई पाण्यात इंद्रधनुष्य. तुम्हाला पैशाचा हिशोब पटतो, आम्हाला त्या पाण्याने भाजी शिजवायची असते.

गिरणेचा_भोई:
ताई, शहराचं सांडपाणी गोदावरीत जातं त्यापुढे आमच्या चार होड्या काय. आधी ते बघा मग गरिबाच्या मशीनवर बोला.

नाशिकरोडची_ताई:
ते पण बोलतेच. दोन चुका असल्या तर एकीमुळे दुसरी माफ होत नाही. आणि मी मशीन बंद करा म्हटलंच नाही.

दारणाकाठ:
ताईंनी लिहिलं ते टोचलं. पाव हिस्सा मी लिहिला नव्हता, सिडकोवाल्यांनी लिहिलाय, पण खोटं म्हणता येत नाही. पट्टा मी रोज बघतो, सवयीने दिसेनासा झाला होता. तरी मी म्हणणार की दीड लाखाचं मशीन हा माझ्यासारख्याला उपाय नाही. मत्स्य खात्याने अनुदान द्यायचं असेल तर पिण्याच्या पाण्याच्या धरणातल्या ४-स्ट्रोकला द्यावं, मी पहिला अर्ज भरतो. तोवर लिटरला २० मिलीवर येतो, डबा बदलतो. हे मान्य करायला जड जातंय कारण ३०:१ मला वडिलांनी शिकवलं.

सिडको_गॅरेज:
वडिलांच्या वेळच्या मशीनला ते बरोबरच असेल, कित्येक जुन्यांना २५:१ सुद्धा लागायचं. त्यांचं चुकलं नव्हतं. तुमच्या मशीनची पुस्तिका बघून मगच बदला, सगळ्यांना ५०:१ नाही.
आणि वजाबाकी करून बघा. ऑइल वाचेल ४० मिली रोज. पुढे कधी ४-स्ट्रोक घेतलं तर २टीचा खर्च पूर्ण जातो, त्याच्या बदल्यात दर १०० तासांनी ऑइल बदला, तेव्हा तुमची सात-आठ वर्षं पाच-सहावर येतात.

दारणाकाठ:
पाच-सहा मान्य. सहा महिने नाही म्हणजे नाही.

सातपाटीचा_जावई:
पंख्याचं राहिलंच. पूर्ण मुठीवर आरपीएम किती जातो?

दारणाकाठ:
मीटर नाही. पण जाळी आणि मासे भरून येताना आवाज घुसमटल्यासारखा येतो, रिकामा जाताना मोकळा.

सातपाटीचा_जावई:
मग पिच एक इंच कमी करून बघा, भरलेल्या होडीवर. आणि मशीनची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत आहे का ते पण बघा, तुमची खूप खाली असेल तर नुसती ओढ वाढते.

दारणाकाठ:
रविवारी होडी काठावर उलटी करून मोजतो. तळाला शेवाळ पण बोटभर आहे, ते आधी खरवडतो, मग तीच बाटली, तीच ३ किमी. सिडकोवाल्यांकडे कोणाचं ९.९ चं ४-स्ट्रोक दिवसभरासाठी मिळत असेल तर घेऊन या, माझ्याच होडीला लावू, पेट्रोल माझं.

सिडको_गॅरेज:
आहे एक, गिऱ्हाईकाला विचारून सांगतो. सकाळी वारा सुटायच्या आत, साडेसहाला.

नाशिकरोडची_ताई:
मीपण येते लेकाला घेऊन. तो पट्टा कोणत्या मशीनमागे किती येतो त्याचा फोटो काढू.