अनुभव धागा: थेट घरपोच आंबा आणि फराळ – ऑनलाइन गिऱ्हाईक कसं जोडावं, आभार कसे मानावेत

मंडळी, झाडाला मोहोर दिसायला लागला की थेट विक्री करणाऱ्यांच्या फोनवर ठरलेला प्रश्न येतो: यंदा पेटी कधी? असं आपणहून विचारणारं गिऱ्हाईक जाहिरातीने मिळत नाही. ते कसं तयार होतं हे या धाग्यात नेमकेपणाने लिहा. किती मेसेज, कधी, कोणत्या शब्दांत, आणि कुठे फसतं? यशोगाथा नको, पद्धत हवी. आंबा आणि फराळावर भर असला तरी घरून काही विकणाऱ्या सगळ्यांचं स्वागत.

आंबा बागायतदार, देवगड तालुका

सुरुवात ग्रुपने करू नका. ग्रुपमध्ये एकाचा आंबा उशिरा पोचला की बाकीचे सगळे ते वाचतात, आणि प्रत्येकाचा नंबर अनोळखी लोकांना दिसतो. व्हॉट्सॲप बिझनेसवर ब्रॉडकास्ट यादी करा, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा जातो. एका यादीत 256 जण बसतात. मात्र ज्याने तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यालाच तो मेसेज जातो. अर्धी यादी गप्प का, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं. म्हणून पहिल्या पेटीतल्या चिठ्ठीवर ठळक लिहा: 'हा नंबर बागेच्या नावाने सेव्ह करा, म्हणजे तोडणीची तारीख कळेल.'

यादी एकच ठेवू नका. लेबलं लावून तीन तरी करा: दरवर्षी घेणारे, एकदाच घेतलेले, नुसती चौकशी केलेले. तिघांना एकच मजकूर गेला तर जुन्या गिऱ्हाइकाला आपण अनोळखी झालो असं वाटतं.

एका हंगामात एका माणसाला माझ्या मते पाच मेसेज पुरतात:

1. जानेवारी-फेब्रुवारीत मोहोराचा किंवा कणीचा (नुकत्याच धरलेल्या बारीक फळाचा) फोटो. दर नाही, मागणी नाही.
2. तोडणीच्या आठवडाभर आधी दर, वजनाची प्रत आणि तारीख.
3. पेटी गाडीत चढली की पेटीचा फोटो आणि पावतीचा नंबर.
4. पोचल्यावर सहाव्या-सातव्या दिवशी 'रंग धरला का?' एवढंच.
5. जूनमध्ये पाऊस लागला की आभार.

यातला चौथा सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच राहून जातो. पैसे जमा झाल्यावर आलेला मेसेज माणूस वेगळ्या नजरेने वाचतो. पाचव्यात 'पुढच्या वर्षीचं बुकिंग सुरू' हे वाक्य घातलं की आभार संपले, जाहिरात सुरू झाली. ते वाक्य काढाच.

आभाराचा मजकूर त्या माणसाचाच असावा. 'आमच्या सर्व ग्राहकांचे मनःपूर्वक आभार' हे कोणालाच लागू होत नाही. त्याऐवजी असं: 'काकू, यंदा तुम्ही दोनदा दोन-दोन डझन घेतलेत. पहिल्या पेटीतले चार आंबे मऊ पडल्याचं लगेच कळवलंत, म्हणून पुढच्या पेट्यांत पेंढा वाढवता आला. आभार.' किती वेळा घेतलं, किती डझन आणि त्यांनी काय सांगितलं, या तीन गोष्टी आल्या पाहिजेत. त्यासाठी वही लागते, स्मरणशक्तीवर राहू नका. आणि पेंढा खरंच वाढवला असेल तरच लिहा.

पॅकिंग आणि चिठ्ठी सांभाळणारी, रत्नागिरी

वरच्या दादांच्या चिठ्ठीबद्दल थोडं. आंबा पिकताना पेटीत दमटपणा होतो. जेल पेनची शाई पसरते, पातळ कागद लोळागोळा होतो. जाड कार्ड, साधं बॉलपेन, आणि कार्ड छोट्या प्लास्टिक पाकिटात घालून पेंढ्याच्या वर, झाकणाच्या लगेच खाली ठेवा. तळाशी ठेवलेली चिठ्ठी पेंढ्याबरोबर केरात जाते.

एका बाजूला हाताने दोन ओळी: नाव आणि आभार. एका चिठ्ठीला दीड-दोन मिनिटं लागतात, म्हणजे 50 पेट्यांना साधारण दीड तास. गाडी निघायच्या वेळी हे होत नाही, आदल्या रात्री करा. हंगामाच्या भरात दिवसाला 200 पेट्या निघत असतील तर सगळ्यांना हाताने लिहू नका. पहिल्यांदा घेणारा आणि मागच्या खेपेला तक्रार केलेला, या दोघांना लिहा. बाकीच्यांना छापील चालते.

दुसऱ्या बाजूला पिकवण्याची माहिती छापा. तक्रारी त्यानेच कमी होतात. पेटी उघडून वारा लागू द्या. कच्चे आंबे फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीने पिकणं बिघडतं आणि साल काळी पडते. पेंढ्यात एका थरात मांडा, रोज एकदा वरखाली करून तयार झालेले बाजूला काढा. खाण्याआधी अर्धा तास पाण्यात ठेवा.

साक्याच्या तक्रारींबद्दल, बागायतदार, राजापूर

यावर सविस्तर लिहितो, कारण हापूसमध्ये गिऱ्हाईक टिकतं किंवा तुटतं ते इथेच. साका बाहेरून दिसत नाही. फळ उत्तम दिसतं, वास येतो, कापल्यावर आत पांढुरका, स्पंजासारखा, आंबूस भाग. झाडावर जास्त तयार झालेल्या फळात आणि कडक उन्हाच्या दिवसांत तो जास्त निघतो. म्हणून तोड 80 ते 85 टक्के तयारीवर, तीही सकाळी, झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) आणि देठ ठेवून करायची. एवढं करूनही काही फळं निघतातच.

हे विक्रीआधीच सांगा. दराच्या मेसेजमध्येच एक ओळ: 'कापल्यावर साका निघाला तर फोटो पाठवा, तेवढी फळं पुढच्या पेटीत जास्त येतील किंवा तेवढे पैसे परत.' मुदतही लिहा, पेटी पोचल्यापासून 12 दिवस ठीक. मुदत नसेल तर जूनमध्येही फोटो येतात आणि मग वाद होतो.

फोटो आल्यावर क्रम असा ठेवा. आधी आभार: 'कळवलंत ते बरं झालं.' मग भरपाई, आकड्यात. मग कारण, एका वाक्यात. पुष्कळ जण कारणापासून सुरुवात करतात, हवामान, ऊन, पाऊस. समोरच्याला ती सबब वाटते. तक्रार फेसबुकच्या कमेंटमध्ये असेल तर पहिलं उत्तर तिथेच, सगळ्यांसमोर द्या, आणि पैशांचं बोलणं खासगीत. कमेंट पुसू नका. वही काढून कोणत्या कलमाचा, कोणत्या तोडणीचा माल होता हे नोंदवा. दोन-तीन तक्रारी एकाच तोडणीच्या निघाल्या, तर त्या तोडणीच्या बाकी सगळ्या गिऱ्हाइकांना आपणहून विचारा. हा मेसेज पाठवायला जड जातं, पण विश्वास यानेच बसतो.

फराळ, पुणे

फराळात गिऱ्हाईक दोन असतात, हे ध्यानात ठेवा. पैसे देते पुण्यातली आई, खाते सिडनीतली मुलगी. आभार दोघींना, वेगवेगळे. आईला: पार्सल पोचलं, चकली मोडली नाही, हे कळवणं हाच आभार. मुलीच्या डब्यात चिठ्ठी, आणि त्यावर आईचं नाव.

चकलीला व्हॅक्यूम पॅकिंग करू नका, दाबाने चुरा होतो. कडक डब्यात, मध्ये कागद घालून थर लावा. ऑस्ट्रेलियात पेढे, बर्फीसारखी दुधाची मिठाई चालत नाही. ऑर्डर घेतानाच सांगितलंत तर 50 रुपयांचं नुकसान, नंतर पार्सल अडकलं तर गिऱ्हाईकच गेलं. पाकिटावर अन्नसुरक्षा नोंदणीचा 14 अंकी क्रमांक हवाच.

आणि 'ऑर्डर बंद' हे वेळेवर लिहिणं हेही गिऱ्हाइकाला मान देणंच आहे. दोन माणसांच्या हाताला रोज किती किलो भाजणी झेपते ते मोजा, त्यावर तारीख ठरवा. ऐनवेळी नाही म्हणण्यापेक्षा चार दिवस आधी म्हणा, आणि नकार दिलेल्यांची नावं लिहून ठेवा. पुढच्या वर्षी पहिला मेसेज त्यांना.

इन्स्टाग्राम सांभाळणारा, मुंबई

रील नवे लोक आणते, कमेंटचं उत्तर त्यांना टिकवतं. पोस्ट टाकल्यावर पहिला तासभर फोन हातात ठेवता येईल तेव्हाच टाका. 'धन्यवाद' आणि हात जोडलेला इमोजी प्रत्येकाखाली चिकटवू नका. कमेंटमधला एक शब्द उचलून उत्तर द्या.

प्रोफाइलवर सगळ्यांत वर तीन पोस्ट पिन करता येतात. त्यांत ठेवा: दर आणि प्रत, पिकवण्याची कृती, आणि माल कुठला आहे ते. हापूसच्या भौगोलिक मानांकनात (जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क) 2018 पासून पाच जिल्हे आहेत: रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर. आपली बाग यांत कुठे आहे हे गावासकट लिहा. परराज्यातल्या फळावर देवगडचा शिक्का मारून विकणारे असतात, तेव्हा गावाचं नाव आणि तोडणीचा व्हिडिओ हा तुमचा खरा पुरावा.

गिऱ्हाइकाने मुलाचा आंबा खातानाचा फोटो पाठवला तर विचारल्याशिवाय टाकू नका. 'आमच्या पेजवर टाकू का? नाव लिहू की नको?' असे दोन प्रश्न विचारा. हो आलं नाही तर नाहीच समजा.

सोसायटीची एकत्र मागणी घेणारी, ठाणे

बागायतदारांनो, तुमचा अर्धा माल खपवते ती आमच्यासारखी एक व्यक्ती. ती नावं गोळा करते, पैसे जमवते, पेट्या तळमजल्यावर उतरवून घेते. तिचे आभार म्हणून एक पेटी देता, छान. पण ते सगळ्यांना माहीत असू द्या. लपवलेली पेटी कळली की सोसायटीत तिची अडचण होते. यादीच्या मेसेजमध्येच लिहा: 'मागणी जमवण्याच्या कामाबद्दल ताईंना एक पेटी बागेकडून.'

राजापूर, पुन्हा

कोणीतरी मला खासगीत विचारलं: 'चांगला अभिप्राय लिहा, पुढच्या पेटीवर 100 रुपये सूट' असं चालेल का? नाही. सूट देऊन अभिप्राय घेणं गुगलच्या नियमांत बसत नाही, अभिप्राय काढले जातात. फुकट पेटी देऊन कोणाकडून रील करून घेतली तर ती भेट असल्याचं रीलमध्ये स्पष्ट लिहिलं पाहिजे. ग्राहक व्यवहार मंत्रालयाच्या जानेवारी 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत पैशांबरोबर फुकट वस्तूही धरली आहे. सूट द्यायचीच तर अभिप्राय न मागता, जुन्या सगळ्या गिऱ्हाइकांना सारखी द्या.

देवगड, पुन्हा

गिऱ्हाइकाचा नंबर यादीतून कधी आणि कसा काढावा, असं विचारलं आहे. 'मेसेज नको' असं उत्तर आलं तर त्याच दिवशी यादीतून काढा आणि 'काढला, कळवल्याबद्दल आभार' एवढंच लिहा. का नको, हे विचारू नका. सलग दोन हंगाम काहीच न घेतलेल्यांना मोहोराचा फोटो पाठवून एकदा विचारा, उत्तर नाही आलं तर त्यांनाही काढा. चिडलेल्या लोकांनी ब्लॉक आणि रिपोर्ट केलं तर ऐन एप्रिलमध्ये नंबरच बंद पडू शकतो, आणि सगळ्या मागण्या त्याच नंबरवर असतात. यादीची एक प्रत वहीत ठेवा.